गिटारच्या प्रोसेसरमध्ये नेमकं काय शिजतं?

गणपतीतल्या एका कार्यक्रमासाठी मी पंधरा दिवस घरी हेडफोन लावून एक पॅच, म्हणजे इफेक्टांची साठवून ठेवलेली जुळणी, जमवला होता. भरदार डिस्टॉर्शन (फाटलेला आवाज), मागे हलकासा डिले (प्रतिध्वनी), आवाज अगदी मनासारखा. मंडपात गेलो, प्रोसेसरची वायर तिथल्या गिटार अँपमध्ये खोचली आणि पहिली कॉर्ड वाजवली, तर आवाज घोंगडीखालून यावा तसा. ट्रेबल वाढवला की कानात टोचायचा, कमी केला की ऑक्टापॅड आणि ढोलकीच्या गर्दीत गिटार नाहीशी व्हायची. यंत्र बिघडलं नव्हतं. त्याच्या आतलं एक गणित त्या दिवशी दोनदा होत होतं, आणि ते मला कळायला पुढे कितीतरी दिवस लागले.

मल्टी-इफेक्ट्स पेडलला आपल्याकडे दुकानदारापासून वादकापर्यंत सगळे ‘प्रोसेसर’ म्हणतात. नाव अगदी नेमकं आहे, कारण पायाखालचा तो डबा म्हणजे फक्त आकडेमोड करणारा संगणक आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजोवाले बेंजो ज्यातून वाजवतात तोही हाच. आत येणारी वीज गिटारची की बेंजोची, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. घेताना मात्र बहुतेक जण खोक्यावरचा आकडा बघतात: २०० इफेक्ट, १०० पॅच. माझ्या मते या आकड्यावरून सगळ्यात कमी कळतं. आवाज आत कसा शिरतो, आतला हिशेब किती नेटका होतो आणि बाहेर पडून तो कुठल्या स्पीकरमधून ऐकू येणार आहे, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं.

सुरुवात तारेपासून करू. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबकं असतात आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. या जोडीला पिकअप म्हणतात. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज उमटते. मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. ही वीज फार नाजूक असते, साधारण एका व्होल्टचा दहावा हिस्सा. तिच्यापुढे जो इनपुट येतो त्यानं तिच्याकडून फार प्रवाह ओढून चालत नाही, नाहीतर उंच स्वर मावळतात. म्हणून गिटारसाठीच्या इनपुटचा इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सहसा १० लाख ओहमच्या आसपास ठेवतात. मिक्सरच्या लाइन इनपुटला तो १० हजार ओहमच्या घरात असतो. गिटार थेट मिक्सरला जोडली की ती मेल्यासारखी का वाजते, त्याचं कारण हे.

वायरसुद्धा यात सामील असते. दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड एवढी धारकता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, तिच्यात असते. पिकअपच्या वेढ्यांशी जुळून ती एक अनुनाद तयार करते, म्हणजे एका ठरावीक उंचीच्या स्वरांना उठाव देते. पिकअप ३ हेन्रीचा (हेन्री हे वेढ्यांचं प्रवर्तन मोजायचं एकक) आणि वायर ६ मीटरची धरली तर हा अनुनाद साडेतीन हजार हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) आसपास पडतो, म्हणजे आपला कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तिथेच. वायर १० मीटरची घेतली की तो पावणेतीन हजारांपर्यंत खाली येतो आणि आवाज थोडा बोथट होतो. दुकानात प्रोसेसर वाजवून बघायला जाताना गिटारबरोबर रोजची वायरही न्यावी, असं मी सांगतो ते यासाठी.

आत शिरल्याबरोबर या विजेचे आकडे होतात. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा व्होल्टेज मोजलं जातं. अशी प्रत्येक मोजणी म्हणजे एक नमुना. काही यंत्रं ९६,००० वेळा मोजतात. २४ बिटची मोजपट्टी असेल तर तिच्यावर १,६७,७७,२१६ खुणा असतात. इथपर्यंत स्वस्त आणि महाग यंत्रांत फारसं अंतर उरलेलं नाही. अंतर पडतं ते डिस्टॉर्शनमध्ये, आणि तिथे जरा थांबायला हवं.

डिस्टॉर्शन म्हणजे लाटेची डोकी छाटणं. गोल लाट वरून-खालून कापली की तिच्यात मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे नवे स्वर जन्मतात. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँपमध्ये हे स्वर कितीही वर गेले तरी बिघडत नाही, कारण कानाच्या आणि स्पीकरच्या पलीकडे ते विरून जातात. आकड्यांच्या जगात मात्र छत असतं. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले तर २४,००० हर्ट्झच्या वरचा स्वर त्या आकड्यांत मांडताच येत नाही. मग तो नाहीसा होतो का? नाही, तो छतावर आपटून खाली येतो. ३०,००० हर्ट्झचा स्वर १८,००० हर्ट्झचा होऊन बसतो. सिनेमात पळत्या टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच हा प्रकार, फक्त डोळ्यांऐवजी कानांना होणारा. याला एलियासिंग म्हणतात.

हे कानांनी पकडता येतं. सगळ्यात बारीक तार २२व्या पडद्यावर दाबा. स्वर येतो १,१७५ हर्ट्झचा. त्याची ३७वी पट होते ४३,४७५ हर्ट्झ, आणि ती छतावर आपटून ४,५२५ हर्ट्झवर उतरते. आता ती तार अर्धा स्वर वर ओढा. मूळ स्वर चढून १,२४५ हर्ट्झ होतो, ३७वी पट ४६,०६५ होते, आणि तिची सावली उतरून १,९३५ हर्ट्झवर येते. म्हणजे बोट स्वर वर नेतं आहे आणि त्याच्या पोटातून एक बारीक शिटी खाली घसरते आहे. खऱ्या अँपमध्ये असं होण्याची सोयच नाही. चांगला प्रोसेसर हे टाळण्यासाठी डिस्टॉर्शनच्या हिशेबापुरती नमुन्यांची गती कितीतरी पट वाढवतो, वरचे नको ते स्वर गाळतो आणि मग पुन्हा मूळ गतीवर येतो. त्याला ताकद लागते, म्हणून जिथे चिप लहान असते तिथे नेमकी इथेच काटकसर झालेली आढळते. दुकानात गेन (आत येणारा सिग्नल वाढवायचं बटण) भरपूर वाढवा, रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याची नक्कल) बंद करा आणि ही एकच ओढ सावकाश, चार-पाच वेळा वाजवा. कान एकदा त्या उलट्या शिटीवर बसला की ती लपत नाही.

आता माझ्या मंडपातल्या फजितीकडे येतो. गिटार अँपचा १२ इंची स्पीकर हा घरच्या म्युझिक सिस्टीमच्या स्पीकरसारखा नसतो. साधारण ५,००० हर्ट्झच्या वर तो झपाट्यानं हात आखडता घेतो आणि मधल्या स्वरांना स्वतःचा रंग देतो. डिस्टॉर्शन झालेला सिग्नल या स्पीकरशिवाय ऐकला तर बाटलीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा वाजतो. हेडफोनमध्ये किंवा पीए सिस्टीममध्ये (कार्यक्रमातल्या मोठ्या स्पीकरांमध्ये) असा स्पीकर नसतो, म्हणून प्रोसेसर त्याची नक्कल आकड्यांनी करतो.

ही नक्कल मला सगळ्यात सुंदर वाटते. रिकाम्या गाभाऱ्यात एक टाळी वाजवली की जे घुमतं, त्यात त्या गाभाऱ्याचा स्वभाव असतो. तसाच स्पीकरच्या पेटीला एक क्षणिक ठोका देऊन माइकनं तिचं उत्तर टिपतात. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. हे उत्तर म्हणजे फक्त आकड्यांची एक ओळ, समजा १,०२४ आकड्यांची, जेमतेम २१ मिलिसेकंदांची. गिटारचा प्रत्येक नमुना हा असाच एक छोटा ठोका मानायचा, प्रत्येकाला हे पूर्ण उत्तर द्यायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. सरळ मार्गानं केलं तर सेकंदाला ४ कोटी ९१ लाखांहून जास्त गुणाकार होतात, तेही वाजवता वाजवता. ते कमी करणारी गणिती युक्ती, म्हणजे जलद फूरिए रूपांतर, जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी १९६५ मध्ये मांडली आणि आज ती कुठल्याही फोनमध्ये सापडते.

माझ्या पॅचमध्ये ही नकली पेटी चालू होती, आणि तो आवाज मी खऱ्या पेटीत सोडला होता. उंच स्वर एकदा आकड्यांनी कापले, मग पुन्हा कागदी शंकूनं कापले. उरली ती घोंगडी. गिटार अँपला जोडताना प्रोसेसरमधलं कॅबिनेट, म्हणजे ही नकली पेटी, बंद करायचं आणि अँपच्या मागे ‘रिटर्न’ असं लिहिलेलं भोक असेल तर तिथे वायर लावायची, म्हणजे अँपचा स्वतःचा प्रीअँपही (सिग्नलला आधी वाढवून रंग देणारा भाग) मधून निघतो. मिक्सर किंवा हेडफोन असेल तर कॅबिनेट चालू. म्हणून कोणी विचारलं की कुठला प्रोसेसर घेऊ, तर मी उलटा प्रश्न टाकतो: वाजवणार कशातून? घरी हेडफोन आणि कार्यक्रमात थेट मिक्सर, असं उत्तर आलं तर बाहेरचे इम्पल्स रिस्पॉन्स भरता येतात का, हे सगळ्यात आधी बघा. मधल्या किमतीच्या डब्यात ही सोय असेल तर दोनशे इफेक्टांपेक्षा तिचं मोल जास्त. घरात चांगला अँप आधीच असेल, तर ते पैसे बाकीच्या गोष्टींकडे वळवता येतात.

रिव्हर्ब आणि डिलेची फार काळजी करू नये. डिले म्हणजे आकडे साठवून थोड्या वेळानं परत देणं. अर्ध्या सेकंदासाठी २४,००० आकडे ठेवायला आजच्या मेमरीला काहीच पडत नाही. रिव्हर्बचा पाया मॅनफ्रेड श्रोडर यांनी बेल लॅब्जमध्ये घातला. १९६२ च्या लेखात त्यांनी जी रचना दिली तिच्यात वेगवेगळ्या लांबीचे चार प्रतिध्वनी शेजारी-शेजारी फिरत राहतात आणि मग आणखी दोन टप्पे त्यांना एकमेकांत मिसळून दाट करतात. त्या काळी त्यासाठी खोलीभर संगणक लागायचा. आज सगळ्यात स्वस्त प्रोसेसरमध्येही कामचलाऊ रिव्हर्ब मिळतोच.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. आकडे करणं, हिशेब मांडणं आणि पुन्हा वीज करणं यात काही मिलिसेकंद जातात. ४८,००० च्या गतीला ६४ नमुन्यांचा एक घास घेऊन काम करणारं यंत्र तेवढ्यातच १.३ मिलिसेकंद खातं. हे किती वाटतं? आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा ३ मिलिसेकंद म्हणजे अँपपासून एक मीटर दूर उभं राहणं. तेवढ्यानं बोटांना काही कळत नाही. पण प्रोसेसरच्या पुढे डिजिटल वायरलेस आणि मागे डिजिटल मिक्सर आला की हे सगळे मीटर एकमेकांत मिळतात. आणि ब्लूटूथ हेडफोनवर तर सरावाचा विचारच सोडा. तिथे उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो, म्हणजे अँप ३४ मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं होतं.

पॅच बदलताना काय होतं, हे कार्यक्रम करणाऱ्यानं तपासायलाच हवं. डिले लावून एक कॉर्ड सोडा आणि ती घुमत असताना पायानं दुसरा पॅच दाबा. काही यंत्रांत घुमणं कापल्यासारखं तुटतं आणि क्षणभर पूर्ण शांतता पसरते, कारण जुना हिशेब पुसून नवा मांडला जात असतो. काहींमध्ये शेपूट सावकाश विरते. त्यासाठी जुना आणि नवा असे दोन्ही हिशेब एकाच वेळी चालू ठेवावे लागतात, आणि तेवढी ताकद चिपमध्ये शिल्लक असावी लागते. एका पॅचमध्ये पाचच इफेक्ट बसतात की दहा, हेही त्याच ताकदीवर ठरतं. गाण्याच्या मध्यात आवाज बदलणाऱ्यासाठी ही गोष्ट निर्णायक आहे, घरी बसून वाजवणाऱ्यासाठी जवळजवळ बिनमहत्त्वाची.

अलीकडे ‘कॅप्चर’ हा शब्द कानावर येतो. खऱ्या अँपमध्ये ठरावीक सिग्नल सोडतात, बाहेर काय आलं ते टिपतात आणि त्या जोडीवरून न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवतात. स्टीव्हन ॲटकिन्सन यांचा न्यूरल अँप मॉडेलर हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प याच मार्गानं जातो. त्याच्या मुळाशी असलेली वेव्हनेट ही रचना २०१६ मध्ये माणसाचं बोलणं घडवण्यासाठी आली होती, आणि आता ती व्हॉल्व्हचं गुरगुरणं शिकते, याचं मला अजून नवल वाटतं. एक लक्षात ठेवायचं: साधं कॅप्चर हे अँपच्या एका ठरलेल्या मांडणीचं छायाचित्र असतं. अँपवरचा गेन तेव्हा जिथे होता तिथलाच आवाज त्यात आहे. बटणं फिरवून आवाज शोधायची सवय असेल तर जुन्या पद्धतीचं मॉडेल, म्हणजे बटणांसकट अँपची आकड्यांनी केलेली नक्कल, जास्त सोयीचं पडतं.

पॅच बनवायचा तो मोठ्या आवाजातच. हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. रात्री शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करून जमवलेल्या पॅचमध्ये आपण हेच स्वर नकळत वाढवून ठेवतो, आणि स्टेजवर तेच अंगावर येतात.

राहिला अडॅप्टर. बहुतेक प्रोसेसरना ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधोमध ऋण ध्रुव असतो. घरातल्या राउटरचा अडॅप्टर भोकात अगदी नीट बसतो, पण त्याचा मधला ध्रुव बहुधा धन असतो. खोचण्याआधी दोन्हीकडची छोटी गोल आकृती जुळवून पाहा. काही छोटी यंत्रं चार पेन्सिल सेलवरही चालतात. जनरेटरवरच्या मंडपात लाइटच्या माळा पेटल्या आणि गिटारमधून ५० हर्ट्झची घुरघुर सुरू झाली की अडॅप्टर काढून सेलवर वाजवून बघा. घुरघुर अडॅप्टरच्या वाटेनं येत असेल तर तिथल्या तिथे थांबते. तरीही राहिली, तर ती पिकअपच हवेतून उचलतो आहे. मग गिटार हातात धरून सावकाश वळा आणि घुरघुर जिथे सगळ्यात कमी होईल त्या दिशेला तोंड करून उभे राहा.