बांबूचे बेट आणि संग्रहालयातला खेळ : पार्श्वभूमी

गोव्यात चवथीच्या तोंडावर बांबूच्या सुपांना, हाऱ्यांना, टोपल्यांना मोठी मागणी असते. पण तो ऐन पावसाळा. बांबूच्या बेटात, म्हणजे एकत्र वाढलेल्या काठ्यांच्या जाळीत, नवे कोंब वर येत असतात. तेव्हा तोड केली की कोंब तुडवले जातात. संग्रहालयात मुलांसाठी निसर्ग राखणाऱ्या हस्तकलेवरचा खेळ मांडायचा, तर तो या पेचावरच रचायला हवा. नुसती विणकामाची नक्कल त्याला पुरत नाही.

संग्रहालयात हात लावू देण्याची परंपरा जुनी आहे. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमने बटण दाबून चालणारी यंत्रे मांडली, लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये 1931 साली मुलांचे दालन आले, 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम. भारतात 1959 साली कोलकात्याचे बिर्ला संग्रहालय, गोव्यात 2001 साली मिरामारचे विज्ञान केंद्र. बटण दाबले की परिणाम लगेच दिसतो, हे या परंपरेचे बळ. बेटाचे नुकसान मात्र दोन पावसाळ्यांनी दिसते.

उशिरा येणारा परिणाम दाखवणारे खेळ वेगळ्या वाटेने आले. 1980च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ डेनिस मेडोज यांनी 'फिश बँक्स' रचला. त्यात गट बोटी घेतात, मासे पकडतात आणि बहुतेक वेळा समुद्र रिकामा करतात. बांबूच्या खेळाचा खरा पूर्वज हाच.

कायद्याचा धागाही यात येतो. 1927च्या वन कायद्याने बांबूला झाड मानले, म्हणून त्यावर वन खात्याची बंधने होती; 2017च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू त्यातून वगळला. खासगी जमिनीतल्या बेटाची राखण त्यामुळे मालकाच्या शहाणपणावर अधिक अवलंबून राहिली.

आता नियम. नवे कोंब मुख्यतः एक-दोन वर्षांच्या काठ्यांच्या कंदांतून फुटतात, म्हणून तोडायची ती तीन वर्षांची किंवा जुनी काठी, पावसाळा सरल्यावर, जमिनीलगतच्या गाठीच्या जरा वर. पोकळ खोबणीत पाणी साचू नये म्हणून. खेळात 24 काठ्या घ्याव्यात: पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येकी आठ, तीन रंगांच्या कड्यांनी ओळखायच्या. दर फेरी म्हणजे एक वर्ष. उरलेल्या दर दोन कोवळ्या (पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या) काठ्यांमागे एक नवा कोंब. तिसऱ्या वर्षाच्या आठ काठ्याच दरवर्षी घेतल्या तर बेट कायम 24वर राहते. दरवर्षी बाराची मागणी पुरवली तर दुसऱ्या वर्षी 18 उरतात, तिसऱ्या वर्षी नऊ, आणि त्या वर्षीची बारा भरतच नाहीत. हे गणित मुलांना काठ्या मोजूनच कळते, पडद्यावर आकडे दाखवायची गरज नाही.

फसते ते शेवटच्या फेरीत. फेऱ्या किती ते ठाऊक असले की खेळाडू शेवटी सगळे तोडतात. उपाय साधा आहे: उरलेले बेट तसेच पुढच्या गटाच्या हाती द्यावे. पुढच्या मुलांनी विचारलेला "एवढेच?" हा प्रश्न कुठल्याही फलकापेक्षा जास्त शिकवतो.

खेळातल्या काठ्या खऱ्या माणगा जातीच्या बांबूच्या असाव्यात, पण पावसाळ्याच्या दमटपणात त्यांना बुरशी धरते. 95 लिटर पाण्यात दोन किलो बोरिक ॲसिड व तीन किलो बोरॅक्स, म्हणजे सुमारे पाच टक्के द्रावण. त्यात भिजवून, सावलीत पूर्ण सुकवून वर वॉर्निश द्यावे. या द्रावणातले बोरॉन पाण्याने धुऊन जाते, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसायचे नाही.