घोळ, मुशी आणि वरळीचा बेडूक

ससून डॉकला पहाटे गेलात तर मासळीची वर्गवारी पायाशीच मांडलेली दिसते. कोळीणमावशी काटा, कवच आणि भाव पाहून वाटे लावतात. स्वयंपाकाला तेवढं पुरतं. जीवशास्त्राचा प्रश्न मात्र वेगळा आहे: कोणाचा पूर्वज कोणाशी सामाईक?

माकूल (स्क्विड) साफ करताना आतून प्लॅस्टिकसारखी पारदर्शक पट्टी निघते. ती माकूलच्या पूर्वजांच्या शिंपल्याची खूण. म्हणजे माकूल शिंपल्यातल्या तिसऱ्यांचं आणि गोगलगाईचं भावंड, माशांचं नव्हे. कोळंबीचे तर कीटक जवळचे नातलग.

मला सगळ्यात जास्त चकित करते ती घोळ. तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, म्हणजे भोताला, बाजारात सोन्याचा भाव मिळतो. हे भोत आणि आपली फुप्फुसं एकाच मूळ अवयवातून आली आहेत. शेजारच्या पाटीतल्या मुशीकडे, म्हणजे शार्ककडे, असं काही नाही. तिचा सांगाडाही कूर्चेचा. मुशीचा वंश आधीच वेगळा झाला. घोळीचा आणि आपला त्यानंतर, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी. म्हणून घोळ दिसायला मुशीसारखी असली, तरी नात्यानं ती तुमच्या-माझ्या जवळची आहे! 'मासे' हा शब्द बाजारात चालतो, वंशवृक्षात आपल्याला वगळून तो नीट बसत नाही.

जिवंत प्राण्यांचे अवयव तपासता येतात, जनुकंही जुळवता येतात. नामशेष झालेल्यांचं काय? भोतासारखे मऊ अवयव सहसा उरत नाहीत, उरतात ती हाडं.

याचं उदाहरण मुंबईतच सापडलं आहे. वरळीच्या टेकडीजवळ लाव्हाच्या थरांमधल्या जुन्या तळ्याच्या गाळात छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचे. १८४७ मध्ये ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांना 'राना पुसिला' असं नाव दिलं. पुसिला म्हणजे अगदी चिमुकला. 'राना' ही बेडकांची तेव्हाची परिचित प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (जीनस), नवा बेडूक तिच्यातच गेला. १९३० मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ नोबल यांनी त्याला तिथून बाहेर काढलं आणि स्वतंत्र प्रजाती दिली, 'इंडोबॅट्राकस'. त्याचं कुळ कोणतं, आजच्या कोणत्या बेडकांचा तो नातलग, यावर त्यानंतरही मतं बदलत राहिली. पुरावा तोच, नखाएवढ्या हाडांचा. पण तुलनेला नवे बेडूक मिळतात, तसं ते सांगाडे पुन्हा उघडून पाहावे लागतात.