पूर्वप्राथमिक बालशिक्षण : आर्थिक व सामाजिक लाभ

जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे पोषण, आरोग्य व शिक्षण यांवर केलेला खर्च पुढे कुटुंबाला आणि समाजाला कितपत फळतो, हा शिक्षणाच्या अर्थशास्त्रातील एक वादविषय आहे. बालवाडी, अंगणवाडी व पाळणाघर हे अशा कार्यक्रमांचे परिचित प्रकार होत.

परताव्याच्या चर्चेत पेरी प्रीस्कूल प्रकल्पाचा (१९६२–६७) दाखला हटकून दिला जातो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील इप्सिलँटी येथे डेव्हिड वाइकार्ट यांनी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले निवडली. त्यांपैकी ५८ मुलांना बालशाळा आणि शिक्षिकेच्या साप्ताहिक गृहभेटी मिळाल्या; उरलेली ६५ मुले तुलनेसाठी होती. पहिल्या गटाची बुद्धिगुणांकातील आघाडी काही वर्षांतच ओसरली. मात्र चाळिशीत त्याच गटाची मिळकत अधिक आणि अटकेचे प्रमाण कमी आढळले. त्या वेळच्या पाहणीत एका डॉलरमागे सुमारे १६ डॉलरचा लाभ मांडण्यात आला. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वार्षिक परतावा ७ ते १० टक्के असल्याचे अनुमान काढले. हे अनुमान अधिक ग्राह्य वाटते. कारण गट पाडल्यानंतर नोकरदार मातांची काही मुले बालशाळेच्या गटातून तुलनेच्या गटात हलविण्यात आली होती आणि हा दोष हेकमन यांनी हिशेबात धरला. तरीही नमुना लहान आहे. शिवाय लाभाचा बराच भाग टळलेल्या गुन्ह्यांचा असून त्यांची किंमत अमेरिकी तुरुंग व न्यायालये यांच्या खर्चावरून लावलेली आहे. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे भारताला लागू करता येत नाहीत.

भारतात सामाजिक लाभाचा अनुभव हिशेबाच्या आधी आला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी (आता पालघर जिल्हा) येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले बालवाडीत येत नसतील, तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात न्यावी, हा प्रयोग तेथलाच. आजच्या अंगणवाडीचे मूळ सामान्यतः त्यात मानतात, तथापि शासकीय योजनेची रचना पोषण व आरोग्यसेवेभोवती झाली, हेही ध्यानात घ्यावे लागते. हे कार्य १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातील कोसबाडला हलले. तेथे वारली आदिवासी वस्तीतील थोरली मुले धाकट्यांना सांभाळण्यात अडकून शाळेला मुकत. म्हणून पाळणाघर, बालवाडी व शाळा एकाच आवारात आणण्यात आल्या. धाकट्याची सोय झाली की थोरलीच्या शिक्षणाची वाट मोकळी होते. हा लाभ सहसा ताळेबंदात दिसत नाही.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा (गरजू मुलांना रुग्णालयाकडे पाठविणे), आरोग्यशिक्षण व अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या तिच्या सहा सेवा. व्यवहारात आहारवाटप, वजने आणि नोंदवह्या यांत सेविकेचा वेळ जाऊन शिक्षण मागे पडते. तमिळनाडूत ६४० अंगणवाड्यांच्या प्रयोगात, निम्म्या केंद्रांत अर्धवेळ शिक्षणसहायिका नेमल्यावर शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला. गणित व भाषेत प्रगती दिसली, खुजेपणाही घटला. अभ्यासकांच्या मते दीर्घकालीन लाभ खर्चाच्या १३ ते २१ पट भरतो; हा अर्थात भावी मिळकतीचा अंदाज आहे.

लाभ-खर्चाचे गुणोत्तर एवढे मोठे दिसण्यात कमी मानधनाचाही वाटा आहे. अंगणवाडी सेविका व मदतनीस कागदोपत्री मानसेवी समजल्या जातात. त्यांना ग्रॅच्युइटी कायदा लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला.