सिंत्राचे दोन राजवाडे : डोंगरावरचा आणि गावातला

पोर्तुगालच्या सहलीत लिस्बनला मुक्काम पडला की त्यातला एक दिवस सिंत्रासाठी राखला जातोच. रोसिओ स्थानकातून लोकल धरली की साधारण चाळीस मिनिटांत गाव येतं. गोंधळ होतो तो त्याआधी, घरी बसून तिकिटं काढताना. ‘सिंत्राचा राष्ट्रीय राजवाडा’ आणि ‘पेनाचा राष्ट्रीय राजवाडा’ अशी दोन नावं समोर येतात. दोन्ही सिंत्रातच आणि दोन्हींचा कारभार एकाच संस्थेकडे. डोंगरमाथ्यावरच्या लाल-पिवळ्या वास्तूचा फोटो डोक्यात असतो, गावाचं नाव सिंत्रा असतं, मग हात सहज पहिल्या नावाकडे जातो. तो फोटो मात्र दुसऱ्याचा, म्हणजे पेनाचा.

ओळखायची खूण सोपी आहे. गावाच्या चौकात पांढरी इमारत आणि तिच्यावर शंकूच्या आकाराची दोन अवाढव्य धुराडी दिसली, तर तो सिंत्राचा राष्ट्रीय राजवाडा. स्थानिक लोक त्याला गावातला राजवाडा म्हणतात, आपणही तेच म्हणू. ती धुराडी ३३ मीटर उंच आहेत आणि खाली आहे राजघराण्याचं स्वयंपाकघर. स्थानकापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत तिथे पोचता येतं. पेना मात्र गावाच्या डोक्यावर, गर्द झाडीतल्या शिखरावर आहे आणि तिथे जायला ४३४ क्रमांकाची बस घ्यावी लागते.

जुना कोणता, याबद्दलही हमखास चूक होते. बुरूज, कमानी, झुलत्या पुलासारखं प्रवेशद्वार बघून पेना मध्ययुगातला किल्ला वाटतो. तो तसा नाही. त्या जागी राजा मानुएल पहिला याने सोळाव्या शतकात बांधवलेला एक मठ होता. १७५५ च्या भूकंपात त्याची पडझड झाली, १८३४ मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले, आणि १८३८ मध्ये राणी मारिया दुसरी हिचा जर्मन नवरा फर्नांडो दुसरा याने ते अवशेष विकत घेतले. फॉन एश्वेगे नावाच्या जर्मन खाण-अभियंत्याला हाताशी धरून त्याने आपल्या कल्पनेतला राजवाडा उभा केला. लाल रंगाचा भाग म्हणजे जुना मठ, पिवळा म्हणजे नवं बांधकाम. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली १८५३ मध्ये, आणि पेनाचं मुख्य बांधकाम हातावेगळं झालं तेही त्याच सुमारास. म्हणजे तो इतका अलीकडचा आहे.

गावातल्या राजवाड्याचं मूळ अरबी अमलापर्यंत जातं. आज दिसणारी वास्तू मुख्यतः पंधराव्या-सोळाव्या शतकातली, जोआओ पहिला आणि मानुएल पहिला या दोन राजांच्या काळातली. बाहेरून ती साधी दिसते, म्हणून बरेच जण धुराड्यांपुढे फोटो काढून पुढे सरकतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण महाराष्ट्र-गोव्याच्या माणसाला सिंत्रात सगळ्यात जवळची अशी जागा हीच आहे.

एका दालनाचं छत मॅगपाय या बडबड्या पक्ष्यांनी भरलेलं आहे, तब्बल १३६. जोआओ एका दरबारी स्त्रीचं चुंबन घेताना राणी फिलिपाच्या नजरेस पडला, दरबारात कुजबुज सुरू झाली, तेव्हा दरबारात जितक्या बायका तितके पक्षी त्याने रंगवून घेतले, अशी दंतकथा सांगतात. शेजारच्या मोठ्या दालनाच्या छतावर हंस आहेत. पण खरं थांबायचं ते कुलचिन्हांच्या दालनात. घुमटाकार छतावर ७२ सरदार घराण्यांची चिन्हं, वर राजाचं आणि त्याच्या मुलाबाळांची, भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्समधली शिकारीची दृश्यं. टाइल्स नंतरच्या, अठराव्या शतकातल्या, छत मानुएलचं. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला तेव्हा गादीवर हाच राजा होता आणि अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला तोही याच्याच नावाने. मसाल्याच्या पैशाने आलेली श्रीमंती आणि तिचा तोरा त्या सोनेरी छतात उघड दिसतो.

आणखी एक खोली चुकवू नका. राजा आफोंसो सहावा याला धाकट्या भावाने सत्तेवरून दूर केलं आणि १६७४ पासून १६८३ मध्ये मरेपर्यंत तो इथेच कैदेत होता. येरझाऱ्या घालून घालून त्याने फरशी झिजवली असं सांगतात. हा आफोंसो म्हणजे कॅथरीन ऑफ ब्रॅगांझाचा भाऊ. १६६१ च्या करारानुसार तिच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांना दिली गेली, तेव्हा पोर्तुगालचा राजा तोच होता, कारभार आईच्या हाती असला तरी. मुंबईच्या माणसाने त्या खोलीच्या दाराशी दोन मिनिटं तरी उभं राहावं.

मग पेनाला जाऊच नये का? जरूर जावं. अटलांटिकपर्यंत पोचणारी नजर, दारावरचा अर्धा माणूस अर्धा मासा असा ट्रायटन, जुन्या मठाचं छोटं आवार आणि भोवतीचं विस्तीर्ण उद्यान, हे सगळं सुंदरच आहे. १९१० मध्ये राजेशाही गेली तेव्हा राणी आमेलियाने देश सोडण्याआधी इथे मुक्काम केला होता, आणि आतल्या खोल्या त्या अखेरच्या काळासारख्या मांडून ठेवल्या आहेत. पण आत गर्दीमुळे बऱ्याचदा रांगेतच सरकावं लागतं. पेनाची खरी मजा बाहेर आहे, गच्च्यांवर आणि झाडीत.

तिकिटाच्या बाबतीत दोघांचा स्वभाव वेगळा आहे. पेनाला फक्त उद्यानाचं तिकीट वेगळं मिळतं आणि राजवाड्यासहित वेगळं. राजवाड्याच्या तिकिटावरची वेळ ही राजवाड्याच्या दाराची असते, खालच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून वर चढ आहे, चालत अर्धा तास धरावा, किंवा आतली छोटी बस घ्यावी. दहाची वेळ असेल तर साडेनऊच्या आत फाटकाशी असायला हवं, त्यात बसची रांग वेगळी. वेळ हुकली तर तिकीट वाया जाऊ शकतं. गावातल्या राजवाड्यात एवढी तारांबळ नसते.

हवेचाही विचार करा. लिस्बनला लख्ख ऊन असताना सिंत्राच्या डोंगरावर समुद्राकडून आलेलं धुकं बसलेलं असू शकतं. अशा दिवशी पेनाच्या गच्चीवरून काहीच दिसत नाही; गावातल्या राजवाड्याला त्याने काही फरक पडत नाही. शिवाय लिस्बनची जेरोनिमोस मठासारखी ठिकाणं सोमवारी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी सगळे सिंत्राकडे लोटतात. सोमवार टाळलेला बरा.

एकच दिवस असेल तर मी क्रम असा लावेन : पेनाची सकाळची पहिली वेळ, मग वाटेत अरबांच्या किल्ल्याची तटबंदी, आणि दुपारच्या जेवणानंतर गावातला राजवाडा निवांतपणे. बरोबर वयस्कर आई-बाबा असतील, चढ झेपणार नसेल, तर पेना खालूनच पाहून गावातल्या राजवाड्याला पूर्ण दुपार द्यावी. तिथेही जिने आहेत, पण डोंगर नाही.