खालून तापवलेलं मैदान गोठलं कसं?

31 डिसेंबर 1967 रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ग्रीन बे गावी, पॅकर्स आणि डॅलस काउबॉइज यांच्यात एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना झाला. हा अमेरिकी फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात धरून पळण्याचा खेळ. पॅकर्सनी 21-17 असा जिंकलेला हा सामना ‘आइस बोल’ म्हणून अजरामर झाला. त्याची गोष्ट निघाली की “उणे 44 अंशांत खेळले” हे वाक्य हमखास येतं. ते चूक आहे. सामना सुरू होताना हवेचं तापमान उणे 25 अंश सेल्सिअस होतं. उणे 44 हा वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या गारठ्याचा आकडा, तोही जुन्या पद्धतीने काढलेला. 2001 च्या सुधारित सूत्राने तो उणे 38 च्या आसपास येतो. वारा अंगातली उष्णता झपाट्याने पळवतो, पण कुठलीही कोरडी वस्तू हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ‘जाणवणारं तापमान’ ठळक अक्षरांत झळकवणाऱ्या बातम्यांनी निदान एवढं तरी सांगायला हवं.

उणे 25 सुद्धा भयंकरच. पंच नॉर्म शॅक्टर यांची धातूची शिट्टी ओठांना चिकटली, ओढताना कातडी सोलून रक्त आलं. मग पंचांनी ओरडूनच सामना चालवला. वाद्यवृंदातल्या काही जणांना रुग्णालयात न्यावं लागलं.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते मैदान. पॅकर्सचे प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांनी त्याच वर्षी गवताखाली सुमारे 15 सेंटिमीटरवर विजेच्या तापणाऱ्या तारांचं जाळं घातलं होतं. रात्रभर वर ताडपत्री होती. सकाळी ती काढली आणि पाहता पाहता मैदान टणक, निसरडं झालं. लोम्बार्डींनी यंत्रणा मुद्दाम बंद केली, अशी कुजबुज झाली. त्या कटाची गरजच नाही, भौतिकशास्त्र पुरेसं आहे.

गरम भात डब्यात भरून झाकण लावलं की झाकणाला आतून घाम सुटतो. ताडपत्रीखाली तेच झालं. कोमट मातीतून वाफ उठली, थंड ताडपत्रीला लागून तिचं पाणी झालं आणि गवतावर टपकलं. म्हणजे तारांच्या उबेने मैदानाचा वरचा थर ओलाच करून ठेवला. ताडपत्री होती तोवर तिच्याखालच्या स्थिर हवेने उष्णता अडवली होती. ताडपत्री निघाली आणि ओला थर थेट वाऱ्याला भिडला.

आता ढोबळ हिशेब करू. अशा वाऱ्यात शून्य अंशावरच्या ओल्या जमिनीचा एक चौरस मीटर सेकंदाला सुमारे 500 जूल उष्णता गमावतो, म्हणजे 500 वॉट. खालून किती येते? ओल्या मातीची उष्णतावाहकता साधारण 1 वॉट प्रति मीटर प्रति अंश धरा. तारांजवळची माती 10 अंशांवर असेल, तर 15 सेंटिमीटर चढून वर पोहोचतात जेमतेम 65 वॉट. पूर्ण 500 पोहोचवायचे तर तिथली माती 75 अंशांवर हवी. गवताची मुळं शिजतील! आता अप्रकट उष्मा, म्हणजे पाणी गोठताना सोडतं ती उष्णता. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक किलो, ते गोठताना 334 किलोजूल बाहेर पडतात. निव्वळ तोटा 435 वॉट, म्हणजे पावणेतेरा मिनिटांत थराचा बर्फ. खालची माती मात्र अजून कोमटच!

शेवटची 16 सेकंद उरली असताना पॅकर्स तीन गुणांनी मागे होते आणि चेंडूसह ओलांडली की गुण देणारी गोलरेषा हाताच्या अंतरावर होती. चेंडू घेऊन धावणारा गडी आधीच्या प्रयत्नांत घसरला होता. धाव घ्यायची तर पायाने जमीन जोरात मागे रेटावी लागते आणि तेवढं घर्षण बर्फ देत नाही. म्हणून क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू इतरांकडे सोपवून डाव चालवणारा खेळाडू, बार्ट स्टारने चेंडू कुणाकडे दिलाच नाही. जेरी क्रेमर आणि केन बोमन यांनी समोरचा जेथ्रो प्यू ढकलला आणि स्टार त्यांच्या मागोमाग अंग झोकून रेषेपलीकडे पडला.