जास्वंदीवरच्या मुंग्या

कुंडीतल्या जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली, की घरोघरी पहिला हात मुंग्यांच्या पावडरीकडे जातो. पण मुंग्या झाड खात नाहीत. त्या निघालेल्या असतात धारा काढायला. त्यांची दुभती जनावरं वर शेंड्यात, कळ्यांच्या देठाशी कापसाच्या बोळ्यासारखी चिकटून बसलेली असतात. तोच पिठ्या ढेकूण.

हा किडा सोंड खुपसून झाडाचा अन्नरस पितो. या रसात साखर भरपूर, पण अंग वाढायला लागणारी अमिनो आम्लं अगदी थोडी. ती पुरेशी मिळवायची तर रस ढोसावा लागतो, आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपात बाहेर पडते. मुंग्यांना हवे असतात ते हेच थेंब. त्याच्या मोबदल्यात त्या राखण करतात आणि पिठ्याच्या शत्रूंना हुसकावतात. सांडलेल्या चिकट्यावर काळी बुरशी धरते, ती काजळी.

फुलं येत नाहीत म्हणून युरियाची मूठ टाकणारे इथेच फसतात. नत्र वाढलं की कोवळी पालवी फुटते आणि रसातली अमिनो आम्लंही वाढतात. म्हणजे पिठ्याला आयतं पक्वान्न!

जास्वंद भेंडी आणि कापसाच्या कुळातली. २००५-०६ च्या सुमारास देशातल्या कापसावर ज्या पिठ्या ढेकणाने धुमाकूळ घातला, तो जास्वंदीवरही मजेत वाढतो. त्याच्या अंगावर मेणाची भुकटी असते, त्यामुळे नुसतं औषध फवारलं तर थेंब घरंगळून जातात. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून बोळे पाडावेत. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावं. आठवड्याने पुन्हा. एकदा फवारून सुटका झाली, असं मी अजून पाहिलेलं नाही.

बोळे चिरडताना मात्र जरा थांबा. क्रिप्टोलिमस नावाचा ऑस्ट्रेलियन ढालकिडा १८९८ मध्ये कीड खाण्यासाठीच भारतात आणला गेला. त्याची अळी हुबेहूब पिठ्यासारखी पांढऱ्या मेणाने माखलेली असते! पण ती आकाराने मोठी, अंगावर झिपऱ्या लोंबणारी आणि चपळ. पिठ्या जागचा फारसा हलत नाही. तुरुतुरु पळणारा ‘पिठ्या’ दिसला, तर त्याला त्याच्या कामावर सोडून द्यावं.

वाकडे, गुंडाळलेले शेंडे सरळ कापावेत. जास्वंदीला कळी नव्या फुटीवरच येते, त्यामुळे छाटणीने नुकसान होत नाही. फक्त फूट वाढून कळी धरायला वेळ लागतो. गणपतीला फुलं हवी असतील, तर कात्री उन्हाळा सरता सरता लावावी. श्रावणात छाटलं, तर चतुर्थीला झाडावर नुसती पानं.