एमजीबी स्पोर्ट्स कारच्या दारात सामानाचा खिसा बसवणं

जुन्या दोन सीटच्या ओपन स्पोर्ट्स कारमध्ये नकाशा, गाडीचे कागद, गॉगल, काच पुसायचं फडकं असलं किरकोळ सामान ठेवायला जागाच नसते, म्हणून दाराच्या आतल्या बाजूच्या पॅडवर नंतर एक खिसा बसवून घेतात, त्या कामाची ही नोंद. उदाहरण ब्रिटिश एमजीबीचं घेतलंय, कारण ही गाडी १९६२ ते १९८० अशी १८ वर्षं ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली, सगळे प्रकार धरून ५ लाखांच्या वर निघाली आणि आजही जगभर इतक्या चालू आहेत की हे काम सगळ्यात जास्त याच गाडीवर होत असणार.

गंमत अशी की खिसा हा काही नंतरच्या लोकांचा शोध नाही, तो आधी होता आणि मग गेला. एमजीबीच्या आधीची एमजीए १९५५ ला आली, तिच्या ओपन मॉडेलला वर-खाली होणारी काच नव्हतीच, पाऊस आला की बाजूचे पडदे वरून लावायचे, त्यामुळे दार आतून अख्खं पोकळ आणि त्या पोकळीत हवं ते टाका. दाराला बाहेरून हँडलसुद्धा नव्हतं, हात आत घालून खिशातली केबल ओढायची की दार उघडलं. १९५८ च्या ऑस्टिन-हीली स्प्राइटचंही तेच, आणि १९५९ च्या मिनीला सरकत्या काचा होत्या म्हणून तिच्या दारातले कप्पे तर एवढे मोठे की त्यात अख्ख्या बाटल्या मावायच्या. मग लोकांना फिरवायच्या काचा हव्या झाल्या. एमजीबीला त्या पहिल्या दिवसापासून होत्या, स्प्राइट आणि तिची जुळी एमजी मिजेट यांना १९६४ ला मिळाल्या, इंग्लंडमधल्या मिनीला १९६९ ला, आणि काच दारात उतरली की तिथलं सामान बाहेर. आराम मिळाला पण जागा गेली, हा सौदा लक्षात ठेवायचा कारण खिसा बसवताना जी काही अडचण येते ती सगळी याच काचेपाशी येते.

अमेरिकेतल्या एमजीबीवाल्यांचं दुखणं आणखी मोठं. तिथले नवे सुरक्षा नियम १९६८ पासून लागू झाले आणि त्यासाठी कंपनीने अमेरिकेच्या गाड्यांना फोम भरलेला जाडजूड डॅशबोर्ड बसवला, ज्याला लोक अजूनही अ‍ॅबिंग्डनची उशी म्हणतात. त्या उशीत ग्लोव्ह बॉक्सच नव्हता! तो परत आला १९७२ च्या मॉडेलला. म्हणजे मधल्या काही वर्षांच्या गाडीत दारात खिसा नाही आणि समोर कप्पाही नाही, पाकीट ठेवायचं तर सीटमागे फेका. या मॉडेलच्या मालकाने दारात खिसा लावला तर त्याला हौस म्हणता येणार नाही, ती सरळ गरज आहे.

आता दार उघडून बघू. पॅड म्हणजे साधारण ३ मिलिमीटर जाडीचा हार्डबोर्ड आणि त्यावर रेक्झिन, मॉडेलप्रमाणे कुठे स्क्रूने तर कुठे स्प्रिंगच्या क्लिपांनी पत्र्याला धरलेलं. त्याच्या मागे पाणी अडवायला प्लास्टिकचा कागद, त्यामागे मोठी भोकं असलेला आतला पत्रा आणि मग काच, काच उचलणारी कात्री, कुलपाचे दांडे. पुढच्या तिकोनी काचेच्या खालून एक उभी पन्हळ दारात उतरते आणि मोठी काच तिच्या मागच्या बाजूने खाली येते. बघणाऱ्याला वाटतं एवढी पोकळी आहे, पिशवी आतच लटकवू की, पण तसं करू नये, काच खाली आली की पिशवी कात्रीत अडकते आणि मग हँडल फिरत नाही किंवा दात झिजतात. खिसा पॅडच्या बाहेरच हवा, केबिनच्या बाजूला.

पण केबिनच्या बाजूलाही जागा कुठे आहे? अख्खी गाडी रुंदीला जेमतेम दीड मीटर, त्यात दोन सीट आणि मधला बोगदा (गिअरबॉक्स झाकणारा उंचवटा), त्यामुळे सीट आणि दार यांच्यात बोटं घालायचीही पंचाईत. म्हणून खिशाची जागा ठरते ती पॅडच्या खालच्या अर्ध्या भागात, काचेच्या हँडलचा फेरा चुकवून, जरा पुढे पायाकडे. इथे गाडी कुठल्या हाताची आहे यानेही फरक पडतो. ब्रिटिश गाडीत ड्रायव्हरचा दाराकडचा पाय उजवा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरचा, तो बराच वेळ एका जागी दाराला टेकून असतो, तर अमेरिकन गाडीत दाराकडचा पाय क्लचचा आणि प्रत्येक गिअरला गुडघा वर-खाली होतो, तिथे खिसा थोडा जरी पुढे आला तरी घासतो. फुगल्यावरही चार-पाच सेंटीमीटरच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे, त्याहून मोठा हवा असेल तर तो ड्रायव्हरच्या बाजूला न लावता शेजारच्या दाराला लावावा.

खिसे मिळतात तऱ्हेतऱ्हेचे. सगळ्यात चांगला दिसतो तो रेक्झिनचा किंवा चामड्याचा, वरच्या काठात इलॅस्टिक घातलेला, दोन्ही बाजूंना चुण्या असलेला, रिकामा असला की पॅडला चपटा चिकटून बसतो. प्लास्टिकचे किंवा फायबरचे तयार डबे येतात, काहींत स्पीकरचीही सोय असते, मजबूत असतात पण कायम बाहेर आलेले राहतात आणि साठच्या दशकातल्या गाडीत परके दिसतात. जाळीचा खिसा स्वस्त आणि हलका, फक्त आतलं सगळं रस्त्यावरून दिसतं आणि टप उघडा ठेवून गाडी लावणाऱ्याला ते परवडत नाही.

पॅड काढताना आधी काच पूर्ण वर घ्यायची, मग काचेच्या हँडलच्या मधला स्क्रू, दार ओढायचा हँडल आणि असेल तर हातटेकू काढायचा. क्लिप सोडवायची ती बोथट पट्टी बरोबर क्लिपच्या खाली सरकवून, दोन क्लिपांच्या मधे घालून उचकटलं की पन्नास-साठ वर्षांचा हार्डबोर्ड भोकापाशी फाटलाच समजा. यानंतरचा सल्ला सगळ्यात महत्त्वाचा, मूळ पॅडला भोक पाडू नका. ते माळ्यावर जपून ठेवा आणि त्याच्यावरून पेन्सिलने आखून ३ मिलिमीटरच्या मरीन प्लायचं नवं पॅड कापून घ्या, त्यावर खिसा चढवा. उद्या गाडी विकायची झाली किंवा मूळ स्वरूपाच्या स्पर्धेत उतरवायची झाली तर अर्ध्या तासात जुनं पॅड परत लागतं. दाराच्या पत्र्याला तर हातच लावायचा नाही, नवीन भोक म्हणजे गंजाला नवीन तोंड.

रेक्झिन चढवायच्या आधी कोऱ्या पुठ्ठ्याचा खिसा कापून चिकटपट्टीने पॅडवर लावायचा आणि पॅड दारावर धरून सगळं करून बघायचं, दार बंद, सीट पार पुढे, सीट पार मागे, काचेचं हँडल पूर्ण फेऱ्यात, आणि स्वतः बसून पेडल दाबून. या अर्ध्या तासाने पुढचे दोन दिवस वाचतात. खिशाचं तोंड पुढच्या बाजूला किंचित वर ठेवलं तर ब्रेक मारल्यावर सामान पुढे सरकून बाहेर येत नाही असं काही लोक म्हणतात, पण सरळ आडवं तोंड आणि घट्ट इलॅस्टिक यानेही काम होतं आणि दिसायला तेच बरं.

जोडणी नेहमी मागून. प्लायला टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे चकतीवाले नट) ठोकून किंवा छोटे स्क्रू रुंद वॉशरसकट लावून खिशाचा खालचा काठ आणि दोन्ही बाजू धरायच्या, खालच्या काठाला आतून एक लाकडी पट्टी दिली तर वजन शिलाईवर न येता त्या पट्टीवर येतं. स्क्रूची टोकं पॅडच्या मागे जितकी कमी येतील तितकी बरी, आणि लावल्यावर काच सावकाश पूर्ण खाली घेऊन कान देऊन ऐकायचं, कुठे करकर झाली तर लगेच थांबायचं, नाहीतर काचेवर उभा ओरखडा कायमचा. शिवायला सुती दोरा चालत नाही, ओलीने कुजतो, पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा घ्यावा.

ओल हा दुसरा शत्रू. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात जाणारच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना आहे, पण ती भोकं मातीने बुजलेली असतात आणि मागचा प्लास्टिकचा कागद कुणीतरी कधीतरी फाडलेला असतो, मग हार्डबोर्ड खालून फुगतो आणि पॅड बाहेर वळतं. इंग्लंडच्या पावसात हे होतं तर मुंबई-कोकणच्या चार महिन्यांत काय होईल ते सांगायला नको, आपल्याकडे कुणी जुनी गाडी करून घेत असेल तर कुशनवाल्याला हार्डबोर्ड नको प्लाय दे असं आधीच सांगावं आणि प्लायच्या कडांना वॉर्निश मारून घ्यावं. भोकं तारेने साफ करा, नवा कागद पत्र्याला नीट चिकटवा, खिशाच्या तळालाही एक-दोन बारीक भोकं ठेवा.

मूळपणाचा वाद या कामात असतोच, आणि खिसा नको म्हणणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. पोर्शने १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएसची हलकी आवृत्ती काढली तेव्हा दारावरचा कप्पा मुद्दाम काढून साधं पॅड आणि उघडायला चामड्याचा पट्टा ठेवला, तिथे रिकामं दार हीच त्या गाडीची ओळख आहे आणि तिथे खिसा लावणं चूकच. एमजीबी तशी नाही, ती रोज ऑफिसला न्यायची, रविवारी भटकायची गाडी म्हणून बनली, तिला खिसा शोभतो.

त्यात काय ठेवायचं तेही ठरलेलं असावं. एमजीबीचं दार वयाने बिजागरीवर लोंबायला लागतं, उघडलं की मागचा कोपरा खाली येतो आणि कडी वर उचलून लावावी लागते, त्यात पाने, जॅकचा दांडा, पाण्याची भरलेली बाटली असलं वजन घातलं की बिजागरी आणखी खचते, शिवाय धडक झाली तर तीच वस्तू पायावर येते. जड सामान डिकीत, दारात फक्त कागद, कापड, चष्मा, हातमोजे.